लोटूभाईने हलवलेलं मंडळ

यंत्रमाग कामगार सहाय्य मंडळाचं मुख्य कार्यालय सुरतेत सहारा दरवाज्याच्या मागच्या गल्लीत होतं, तेव्हा त्याचा जिना संध्याकाळी चमकायचा. यात कवित्व काही नाही. मंडळात कामासाठी येणाऱ्या बाया रांगेत बसल्या बसल्या साड्यांना टिकल्या चिकटवत असत. व्यापाऱ्याकडून घरी आणलेलं काम होतं ते. सरकारी रांगेत अर्धा दिवस जाणारच, मग हात रिकामे कशाला ठेवायचे? मांडीवर साडी, शेजारी गोंदाची नळी, आणि नंबर आला की साडीची घडी करून खिडकीशी. संध्याकाळी लोटूभाई झाडू घेऊन जिना उतरायचा तेव्हा सुपडीत धूळ कमी आणि टिकल्या जास्त निघायच्या. एकदा गांधीनगरहून तपासणीला आलेले मोठे साहेब परत निघाले तेव्हा त्यांच्या पँटीच्या बुडाला एक गुलाबी टिकली चिकटलेली होती. सगळ्यांनी पाहिली. सांगितली कोणीच नाही. साहेब तसेच रेल्वेत जाऊन बसले.

लोटूभाईला हे आठवलं की तो अजून एकटाच हसतो. मग त्याला आठवतं की तो जिना आता बंद आहे, आणि हसू अर्ध्यावर राहतं.

पूर्ण नाव लोटू दगा पाटील, अमळनेर तालुक्यातला. अठराव्या वर्षी सुरतेत आला आणि लिंबायतच्या एका कारखान्यात माग चालवायला लागला. सहा-सात वर्षं माग चालवले. त्या खडखडाटाने डावा कान मंद झाला आणि बोलणं कायमचं मोठ्याने झालं. लोटूभाई कानगोष्ट सांगायला लागला की शेजारच्या गल्लीतली माणसंही ऐकतात, असं त्याची बायको उषाबाई म्हणते. पुढे ओळखीने मंडळात रोजंदारीवर लागला. पाणी भर, चहा आण, फाईल दे. आठ वर्षांनी कायम झाला. शिक्षण सातवीपर्यंत, तेही मराठीत. गुजराती तो दुकानांच्या पाट्या आणि बसचे फलक वाचत शिकला. साहेब लोकांसाठी तो लोटूभाई, गावाकडच्यांसाठी लोटूभाऊ, आणि रेकॉर्ड रूमचा तो राजा. ही शेवटची पदवी कुठल्याही कागदावर नव्हती, पण खरी तीच होती.

ती रेकॉर्ड रूम समजून घेतल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही.

दोन हजार सहाच्या पुरात तापी शहरात शिरली तेव्हा रेकॉर्ड रूम तळमजल्यावर होती, वरच्या मजल्यावर ती पुढे गेली. लोटू आणि रात्रपाळीचा पहारेकरी, दोघांनी मिळून गठ्ठे डोक्यावर घेऊन गच्चीत नेले. तीन दिवस ते दोघे आणि हजारो मेलेल्या-जित्या कामगारांचे कागद, एका ताडपत्रीखाली राहिले. खायला बिस्किटं होती. कागद बहुतेक वाचले, पण ज्या लाल रुमालांत ते बांधलेले होते ते रुमाल कुजले. लोटूने साहेबांना सांगितलं, साहेबांनी वर लिहिलं. वरून उत्तर आलं की मागणी विचाराधीन आहे. ती अजून विचाराधीनच आहे.

शेवटी उषाबाईने तोड काढली. साड्यांचं काम देणाऱ्या एजंटाकडे छपाईत बिघडलेले तुकडे पडून असायचे. ते ती पिशवी भरून घेऊन आली. बांधणी, लहेरिया, कोयऱ्या, ठिपके, फुलं. लोटूने गठ्ठे बांधायला घेतले आणि बांधता बांधता त्याच्या डोक्यात आलं की कुठलंही कापड कशालाही कशाला वापरायचं? त्याने तालुक्यांप्रमाणे रंग लावले. नवराबायको दोघे मिळून ठरवायचे.

"शिरपूरन्या बाया हौशी शेतस," उषाबाई म्हणाली होती. "त्यास्ले बांधणी दे."

तसं शिरपूरला बांधणी मिळाली. साक्रीला लहेरिया, पारोळ्याला कोयऱ्या. अमळनेरला हिरवं, कारण ते आपलं. गंजामहून आलेले ओडिया कामगार मोजता न येण्याइतके, त्यांना निळी फुलं, कारण निळ्या फुलांचा तुकडा सगळ्यात लांब होता. विदर्भ-मराठवाड्याच्या माणसांना पिवळे ठिपके. आणि गठ्ठ्यात गावांचा क्रम बसच्या रस्त्याने, म्हणजे बस ज्या थांब्यांवरून जाते त्याच क्रमाने फायली.

कोणी विचारलंच तर लोटू सांगायचा, माणूस सुरतेत दरसाल खोली बदलतो. आज लिंबायत, उद्या गोडादरा, परवा कोसाडच्या वसाहतीत. गाव कुठे बदलतो? म्हणून पत्त्याच्या भानगडीत पडायचं नाही, गाव विचारायचं. खिडकीतल्या कारकुनाने नाव पुकारलं की लोटू त्या बाईकडे बघून एवढंच विचारायचा, "कोनता गावनी?" ती गाव सांगायची आणि तो आत जायचा. चहा गार व्हायच्या आत फाईल टेबलावर. त्या बाईला गुजराती यायचं नाही, साहेबाला अहिराणी यायची नाही, आणि मध्ये लोटू. सरकारच्या दारात कोणी आपल्याला आपलं गाव विचारतं, याचंच कितीतरी बायांना बरं वाटायचं. दुपारी जिन्यावर डबे उघडायचे आणि कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा असं काहीबाही लोटूच्या हातावर पडायचं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात मात्र अर्धं खान्देश गावी गेलेलं असायचं. तेव्हा जिना सुना पडायचा आणि लोटूला करमायचं नाही.

अशी ती जागा होती. भिंतींना ओल होती, पंखा कुरकुरायचा, पावसात बादल्या लावाव्या लागायच्या. पण गोडादऱ्याहून शेअर रिक्षाने पाऊण तासात पोचता यायचं, आणि रिक्षाचे पैसे नसले तर बाया चालतही यायच्या.

मग मंडळ हलवायचं ठरलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डुमस रस्त्याच्याही आतल्या बाजूला नवी पाच मजली इमारत तयार होती. कारणं कागदावर तीन होती. जुनी इमारत धोकादायक, गल्लीत वाहतुकीची कोंडी, आणि पार्किंगची सोय नाही. पार्किंग! मंडळात मदत मागायला येणाऱ्यांपैकी गाडी कोणाकडे होती? कागदावर नसलेलं कारण मात्र गोडादऱ्यातल्या कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळत होतं. त्या नव्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे प्लॉट कोणाकोणाचे आहेत, आणि सरकारी ऑफिस आलं की तिथे बँक येते, बस येते, मग प्लॉटला काय भाव येतो, हे चहा पिता पिता माणसं सांगत होती.

विरोध झाला, नाही असं नाही. पण आपल्या लोकांचा विरोध तो. हलवायचंच तर गोडादऱ्यात आणा, असं तिथले पुढारी म्हणाले. कोसाडचे म्हणाले, आमच्याकडे सरकारी जागा मोकळी आहे, आमच्याकडे आणा. दोघांनी वेगवेगळे मोर्चे काढले, एकाच दिवशी, आणि वर्तमानपत्रात एकाच फोटोत दोन्ही मोर्चे एकमेकांकडे बघून घोषणा देताना छापून आले. प्लॉटवाले तो फोटो बघून पोट धरून हसले असतील.

या सगळ्यात डोकं शाबूत होतं ते एकट्या योगराजचं. योगराज कामगार संघटनेचा सचिव, मूळचा शिरपूरकडचा, मागात डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. त्याने सरकारी आदेश दहा वेळा वाचला आणि त्यातलं एक वाक्य धरलं. मंडळाचं जुनं रेकॉर्ड सुरक्षित हलवता येईल अशी सरकारने नेमलेल्या समितीची खात्री झाल्यावरच स्थलांतर करावं, असं ते वाक्य होतं. म्हणजे समितीची खात्री झाली नाही तर वर्षभर काम लांबलं असतं. तोवर महापालिकेची निवडणूक आली असती, आणि निवडणुकीच्या तोंडावर लिंबायत-गोडादऱ्याच्या मतांना दुखवायची कोणाची हिंमत नव्हती.

एका रविवारी सकाळी तो लोटूच्या गोडादऱ्यातल्या घरी आला.

"लोटूभाऊ, बठं, सगळंच तुना हातमा शे," तो म्हणाला. "समिती येई तव्हय काही बोलू नको. इचारतीन तर सांगजो, पुरमा निम्मं सडी गयं, काय कोठे शे ते माले बी ठाऊक नही. नही तर बोलूच नको. डोकं खाजाड फक्त."

"डोकं खाजाडाले काय लागस?" लोटू म्हणाला.

दोन गल्ल्या सोडून राहणारी धुरपदाबाई त्या वेळी उषाबाईकडे पीठ मागायला आलेली होती. तिचा नवरा मागावरच गेला, त्याला पंचवीस वर्षं झाली. मंडळाकडून मिळणाऱ्या महिन्याच्या मदतीवर आणि टिकल्यांच्या कामावर तिचं चालतं. वर्षातून एकदा तिला स्वतः मंडळात हजर होऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. तिला कमिटी काय ते कळलं नाही, पण हापीस दूर जाऊ द्यायचं नाही एवढं कळलं. ती लोटूला म्हणाली, "खाजाड रे भाऊ, चांगलं खाजाड."

समिती मंगळवारी आली. तिघे होते. एक इंजिनियर, एक हिशेबनीस आणि समितीच्या प्रमुख पटेलमॅडम. मॅडम वयाने चाळिशीच्या, बोलायला गोड. योगराज रेकॉर्ड रूमच्या दारातच उभा होता.

सुरुवात झकास झाली. इंजिनियर आत आला आणि रंगीबेरंगी गठ्ठे बघून त्याने नाक मुरडलं. "ये रेकॉर्ड रूम है या कटपीस की दुकान?" लोटूने डोकं खाजवलं. हिशेबनीसाने विचारलं, रजिस्टर कुठे आहे, क्रमांक कुठे आहेत? लोटूने पुन्हा खाजवलं. पूर आला होता, म्हणाला. निम्मं सडलं. खोटं बोलताना त्याचे कान तापले, पण तो बोलला. योगराजने दारातून मान हलवली.

इथेच सगळं संपलं असतं तर मंडळ आज सहारा दरवाज्याला असतं. कोणी ओरडलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तरी लोटूने सोसलं असतं. पण पटेलमॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि अगदी मनापासून त्या हिशेबनीसाला म्हणाल्या, "बिचारा. एमनो शुं वांक? अनपढ माणस छे, एकलो." बिचाऱ्याचा काय दोष, अडाणी माणूस, एकटा.

लोटूचा हात डोक्यावरच थांबला.

पंचवीस-तीस वर्षं त्याने त्या खोलीत घातली होती. पुरात तीन दिवस त्या कागदांशेजारी झोपला होता. बायकोने पिशव्या भरभरून तुकडे आणले होते. आणि त्या सगळ्यावर ही बाई दया करत होती. ती दया त्याला सोसवली नाही.

"मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज गल्लीत गेला असणार, "नाम बोलो."

"शेनुं नाम?" कसलं नाव, ते मॅडमना कळेना.

"कोई भी. आपके हात में अर्जी है ना? उसमें से बोलो."

मॅडमच्या हातात स्थलांतराला हरकत घेणारे अर्ज होते, योगराजनेच गोळा केलेले. त्यांनी वरचा वाचला. लोटूने गाव विचारलं, हात घातला आणि कोयऱ्यांचा गठ्ठा उघडून फाईल पुढे ठेवली. इंजिनियरने घड्याळ बघितलं. दुसरं नाव गंजामचं. निळी फुलं. तिसरं हिंगोलीकडचं. पिवळे ठिपके. मॅडमना गंमत वाटायला लागली, त्या मधूनच नावं काढून वाचायला लागल्या. लोटूला तर भान राहिलं नाही. तो बांधणी का आणि लहेरिया का ते सांगत होता, बसचे थांबे म्हणून दाखवत होता, पुराच्या वेळी कुठल्या गठ्ठ्याला किती पाणी लागलं आणि तो कागद कसा वाळवला ते सांगत होता. सडलंय म्हणून आत्ताच सांगितलेलं त्याने आपल्याच तोंडाने खोडून काढलं. एकही फाईल चुकली नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. हिशेबनीसानेही वाजवल्या.

"आखा गुजरात में ऐसा रेकॉर्ड नहीं देखा, लोटूभाई," मॅडम म्हणाल्या. "ये सब शिफ्ट करने में कितना समय लागे? छे महिना? साल?"

"साल?" लोटू हसला. "चार दिन. लेकिन दुसरा कोई हात नहीं लगाएगा."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग त्याला दारातला योगराज दिसला. योगराज चिडला नव्हता. नुसता बघत होता. मग तो वळला आणि जिना उतरून निघून गेला.

मंडळ चार दिवसांत हललं. लोटूच्या अंदाजात अर्ध्या दिवसाचीही चूक निघाली नाही. टेम्पोच्या हौद्यात गठ्ठ्यांबरोबर तो स्वतः बसून गेला. शेवटच्या फेरीला त्याने रिकाम्या खोलीत झाडू मारला, दिवा बंद केला आणि किल्ली इमारतीच्या मालकाच्या माणसाकडे दिली. जिन्यात एकही बाई नव्हती. त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही, कारण बघायला कोणी नव्हतंच.

नवं ऑफिस देखणं आहे, हे लोटूही नाकारत नाही. फरशी इतकी गुळगुळीत की पहिल्या आठवड्यात दोन कारकून पडले. रेकॉर्ड तळघरात आहे, लोखंडी सरकत्या कपाटांमध्ये, आणि ओल अजिबात नाही. गठ्ठे बांधले होते तसे आहेत. मॅडमनी पाठवलेलं प्रशस्तिपत्र साहेबांनी काचेत घालून दिलं आहे. फक्त फाईल मागायला कोणी येत नाही. जुन्या जागी दिवसाला साठ-सत्तर माणसं यायची. आता एखाद्या दिवशी चार येतात, एखाद्या दिवशी कोणीच नाही. पत्ते बघून पत्रं पाठवली जातात आणि माणसं खोली सोडून गेली म्हणून परत येतात. लोटू खुर्चीवर बसतो, कपाटं पुसतो, दुपारी एकटाच डबा खातो. जिन्यावरच्या त्या बाया कुठल्या मदतीवाचून राहिल्या असतील, हा विचार मग त्याला डब्यातला घास गिळू देत नाही.

योगराजने त्या दिवसाची गोष्ट कोणालाही सांगितली नाही. रस्त्यात भेटला तर "काय लोटूभाऊ" म्हणतो आणि पुढे जातो. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर लोटूला बरं वाटलं असतं.

धुरपदाबाईची हजेरीची तारीख आली तेव्हा लोटूने त्या दिवसाची रजा टाकली आणि तिला घेऊन निघाला. गोडादऱ्याहून एक बस, मग थांबून दुसरी, मग ऊन तापलेल्या मोठ्या रस्त्यावर वीस मिनिटं पायी, कारण बस त्या फाट्यापाशीच वळते. दारावर पहारेकऱ्याने टोकन मागितलं. टोकन मोबाईलवर काढायचं होतं. लोटूने आपलं ओळखपत्र दाखवलं, हुज्जत घातली, तेव्हा कुठे दोघांना आत सोडलं. धुरपदाबाईने यंत्रावर अंगठा लावला, तो उमटला नाही. टिकल्यांच्या गोंदाने बोटं गुळगुळीत झालेली. मग फाईल मागवली गेली. ती लोटूनेच आणून दिली, रजेवर असून. काम झालं तेव्हा चार वाजत आले होते.

परतीच्या बसमध्ये तिने चपला काढल्या. पाय सुजले होते. बराच वेळ ती खिडकीतून मोठमोठ्या इमारती बघत होती.

"लोटू," ती म्हणाली, "आवढं दूर कोनी लई गयं रे आपलं हापीस?"

सरकारने नेलं, असं म्हणून तो सुटला असता. सगळं गाव तेच म्हणत होतं.

"मी लई गऊ, मावशी," तो म्हणाला. आणि मग त्याने सगळं सांगितलं. योगराजचं सांगणं, डोकं खाजवणं, ती बिचारा म्हणालेली बाई, कोयऱ्या, निळी फुलं, टाळ्या, चार दिवस. नेहमीच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे अख्ख्या बसने ऐकलं. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळूनही पाहिलं.

धुरपदाबाई पदर दातात धरून ऐकत होती.

"ती बाई तुले चांगलं बोलनी मंग?" तिने विचारलं.

"बोलनी. टाळ्या वाजाड्यात."

"बरं जयं रे भाऊ." ती खरंच खूश दिसत होती. "आवढा वरीस तू आमना कागद सांभाळात. कोनी तरी देखाले पाहिजे व्हतं. माले कोनी म्हणतं ना, तुना घरमा पसारा शे, तर मी बी बठं घर उघडी दाखाडतू."

लोटूचे डोळे भरले. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड या बाईने एका वाक्यात उचलला होता. तो नाक ओढत बाहेर बघायला लागला.

"पन फुडला साल मी येवाव नही," धुरपदाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाकऱ्या दोन कमी कर सांगावं तसं म्हणाली. "हाई मनी शेवटली फेरी. पाय पुरत नही आते."

"असं कसं? मदत बंद पडी जाई तुनी! मी शे ना, मी लई येसू तुले. घरपाइन रिक्षा करसू."

"तू मार्चमा रिटायर व्हशी, उषा सांगे," ती म्हणाली. "मंग त्या दारवर तुले तरी मझार कोन जाऊ देई?"

लोटूने खिसा चाचपला. ओळखपत्र खिशात होतं. मार्चअखेर ते जमा करायचं होतं.

गोडादऱ्याचा थांबा आला. त्याने आधी तिच्या चपला उचलून खाली ठेवल्या, मग तिला हात दिला, आणि ती एकेक पायरी उतरेपर्यंत कंडक्टरला थांब म्हणून सांगत राहिला.